मॅग्नेशियमची गोणी घेण्याआधी खालचे पान बघा

मागच्या हिवाळ्यात मुरबाड तालुक्यात धसईच्या बाजूला एका शेतावर गेलो होतो. भात निघाल्यावर लावलेली भेंडी, दीड-पावणेदोन महिन्यांची. बांधावर पांढऱ्या खड्यांची २५ किलोची गोणी तोंड सोडून ठेवलेली. शेतकरी वयाने मोठे, गावात सगळे त्यांना काकाच म्हणतात. मला बघून म्हणाले, "साहेब, दोनदा टाकलाय. पान काय हिरवा होत नाय. आता तिसऱ्यांदा टाकतो." गोणीवर नाव होते मॅग्नेशियम सल्फेट. शहरात हेच एप्सम सॉल्ट म्हणून पाकिटात विकले जाते.

मी एक पान तोडून उन्हाकडे धरले. शिरा हळदीने रेखाटल्यासारख्या पिवळ्याजर्द आणि मधला भाग हिरवा. म्हटले, "काका, हा हळद्या आहे. पांढरी माशी आणते हा रोग. याला कुठलेच मीठ चालत नाही." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "मग दुकानदार का बोलला, मॅग्नेशियम कमी आहे म्हणून?"

त्याच आठवड्यात डोंबिवलीहून आमच्या वहिनींचा फोन. "भाऊजी, सगळ्या झाडांना महिन्यातून एकदा एप्सम सॉल्ट घालायचं असतं ना? मोबाईलवर सगळे तेच सांगतात. मी घालतेय तर टोमॅटो खालून काळे पडायला लागलेत." एकाच वस्तूवर गावात गोणीने आणि शहरात चमच्याने पैसे जात होते, आणि दोन्हीकडे झाडाला पाहिजे होते वेगळेच काही. काकांच्या प्रश्नाचे उत्तर मी तिथे बांधावर नीट देऊ शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी ही वस्तू काय ते बघू. इंग्लंडमध्ये एप्सम नावाचे गाव आहे. १६१८ साली दुष्काळी दिवसांत तिथल्या एका गुराख्याला पाण्याचे डबके दिसले, पण तहानलेली गुरे त्याला तोंड लावीनात, पाणी कडू होते, अशी हकिकत सांगतात. ते पाणी आटवले की पांढरे खडे राहत. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू नावाच्या अभ्यासकाने या मिठावर पुस्तक लिहिले. गंमत अशी की हा माणूस झाडांची अंतर्रचना शोधणारा म्हणून प्रसिद्ध, पण पुस्तक लिहिले ते जुलाबाचे औषध म्हणून. आपल्याकडेही जनावराचे पोट बांधले की पशुवैद्यक ‘मॅग सल्फ’ पाजायला सांगतात. तीच ही वस्तू. भाईंदर-वसईच्या मिठागरांवर काम केलेल्या जुन्या माणसांना हिची चुलत बहीण माहीत असेल. मीठ काढून घेतल्यावर आगरात जे कडू पाणी उरते, तो कडूपणा मॅग्नेशियमचाच.

‘मीठ’ या शब्दानेही घोटाळा होतो. एकाने ऐकीव माहितीवर तुळशीला जेवणातले मीठ घातले आणि तुळस गेली. आपल्याकडे नारळाच्या खड्ड्यात मीठ घालतात ते साधे मीठ, नारळाला त्यातले क्लोराईड मानवते. इतर झाडांचे ते काम नाही. एप्समचे मीठ निराळे.

या मिठात साधारण साडेनऊ टक्के मॅग्नेशियम आणि बारा टक्क्यांच्या आसपास गंधक असते. बाकीचे बहुतेक खड्यात बांधलेले पाणी आणि ऑक्सिजन. म्हणजे २५ किलोच्या गोणीत मॅग्नेशियम अडीच किलोच्या आतच. नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. ज्याला आपण झाडाचे जेवण म्हणतो त्यातले यात काहीच नाही. पण मॅग्नेशियमशिवाय झाडाचे चालत नाही हेही खरे. पानाला हिरवा रंग देणारे जे हरितद्रव्य, त्याच्या कणाच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेले असते. ते कमी पडले की झाड म्हाताऱ्या पानातले काढून कोवळ्या पानाला देते. म्हणून याची कमतरता नेहमी खालच्या, जुन्या पानावर दिसते. शिरा हिरव्या राहतात आणि शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो.

एवढी एक ओळख पक्की केली तरी निम्म्या गोण्या दुकानातच राहतील. भेंडीचा हळद्या याच्या बरोबर उलटा. तिथे शिरा पिवळ्या आणि मधले पान हिरवे, आणि पिवळेपणा नव्या पानावर जोरात. लोह कमी असेल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा हे खरे, पण शेंड्याच्या कोवळ्या पानावर. नत्र कमी असेल तर खालचे अख्खे पान शिरांसकट एकसारखे पिवळे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चार दिवस झड लागली की भाजीची रोपे पिवळी पडतात, ती मुळाशी पाणी तुंबल्याने आणि नत्र वाहून गेल्याने. तिथे चर काढायचा असतो, मीठ टाकायचे नसते. शिवाय हे मीठ पाण्यात साखरेसारखे विरघळते. कोकणच्या भर पावसात ते जमिनीवर फेकणे म्हणजे ओढ्याला खत घालणे.

आता आपल्या जिल्ह्याचे बघू. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले, पण जमीन एका जातीची नाही. मुरबाड, शहापूर, कल्याण, अंबरनाथकडची भाताची खाचरे सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या झिजेतून झालेली. या दगडात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मुळातच चांगले असते. अशा काळपट खाचरात मॅग्नेशियम कमी आहे असे कोणी सांगितले तर मी आधी विचारीन, मोजले कधी? भिवंडी-ठाण्याच्या खाडीकाठची खारजमीन तर आणखी निराळी. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तिप्पट असते. ज्या जमिनीत भरतीचे पाणी मुरलेले आहे तिथे मॅग्नेशियमची गोणी नेणे म्हणजे गोणीचे पैसे घालून क्षार वाढवणे.

उरली डोंगरउताराची तांबूस, हलकी वरकस जमीन. इथे दरवर्षीचा पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो, माती आंबट होत जाते. इथे भाजीपाला, मोगरा, आंबा, नारळ घेणाऱ्यांना मॅग्नेशियम कमी पडू शकते, त्यातून पालाश जास्त टाकले असेल तर आणखी. कारण पालाश जास्त झाले की मुळे मॅग्नेशियम कमी उचलतात. केरळात अशाच धुपलेल्या तांबड्या जमिनीत नारळाला वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट देण्याची शिफारस आहे. विदर्भ-मराठवाड्यात कपाशीच्या लाल्यावर इतर उपायांबरोबर मॅग्नेशियम फवारतात. म्हणजे वस्तू खोटी नाही. मी तिच्या विरुद्ध लिहीत नाही. तिचे स्थान औषधाचे आहे, आणि औषध देण्याआधी नाडी बघतात.

नाडी बघण्याचे साधन म्हणून आपल्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळाली. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडहून ही योजना देशभर सुरू झाली. तुमच्या घरात पत्रिका असेल तर काढून वाचा. तिच्यात बारा गोष्टी तपासलेल्या असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. यात मॅग्नेशियम नाही! मँगनीज हे नाव वाचून पुष्कळजण तेच मॅग्नेशियम समजतात. मीसुद्धा सभेत दोन-तीनदा हा खुलासा केला आहे. मँगनीज वेगळे, मराठीत त्याला आपण मंगल म्हणतो. ते सूक्ष्म अन्नद्रव्य, मॅग्नेशियम दुय्यम अन्नद्रव्य. दुय्यमपैकी पत्रिकेत फक्त गंधक आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही गाळलेले.

म्हणजे कोणी येऊन तुम्हाला "तुमच्या जमिनीत मॅग्नेशियम नाही" असे म्हणाला, तर त्याला खोटे ठरवायला तुमच्याकडे कागद नाही, आणि खरे ठरवायलाही नाही. दुकानदाराचा शब्द हाच अहवाल. काकांच्या प्रश्नाचे एक उत्तर हे.

याशिवाय योजना सुरू झाली तेव्हा जिरायतीत दहा हेक्टरला एक आणि बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना असा हिशेब होता. पठारावर हे चालून जाईल. आपल्याकडे दहा हेक्टरमध्ये वरकस, माळ, खाचर आणि ओढ्याकाठची मळी सगळेच येते. त्या एका पिशवीतल्या मातीचा आकडा नक्की कोणाच्या जमिनीचा? आम्ही खात्याची माणसेसुद्धा हंगामाच्या घाईत पत्रिका हातात देतो आणि पुढच्या गावाला जातो, वाचून दाखवायला थांबत नाही. हा दोष आमचा आहे, तो कबूल केला पाहिजे.

दुसरे उत्तर जरा कडू आहे. युरिया-डीएपीची टंचाई झाली की गोणीबरोबर दुसरे काहीतरी गळ्यात मारण्याची पद्धत आहे, तिला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात. पुष्कळदा दुकानदारालाही वरूनच तसा माल आलेला असतो, तो तरी काय करणार. त्या ‘दुसऱ्या’ मालात मॅग्नेशियम सल्फेटची गोणी बऱ्याचदा असते. घरी आली की ती टाकायची कुठे, म्हणून मग पान पिवळे दिसले की टाकली. असे लिंकिंग करता येत नाही, हे शासन दर हंगामात बजावते. पक्के बिल मागा. दोन वस्तूंची सक्ती झाली तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तोंडी तक्रारीवर काही होत नाही, हा माझा अनुभव आहे. गोणीवर वस्तूचे नाव, मॅग्नेशियम आणि गंधकाचे टक्के, उत्पादक, बॅच क्रमांक छापलेले नसेल तर ती गोणी घेऊच नका.

भातवाल्यांसाठी एक धोका वेगळा सांगतो, कारण तो मॅग्नेशियमच्या नावाने येत नाही. भाताला जस्त कमी पडते तिथे आम्ही झिंक सल्फेट सांगतो. झिंक सल्फेट महाग, मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त, आणि दोघांचे खडे दिसायला सारखे. त्यामुळे झिंकमध्ये मॅग्नेशियमची भेसळ होते. घरी बघायची सोपी खूण आहे. थोडे डीएपी पाण्यात विरघळवून वरचे निवळ पाणी एका काचेच्या पेल्यात घ्या, आणि त्यात झिंक सल्फेटचे पाणी ओता. झिंक खरे असेल तर दाट, दह्यासारखा साका होतो. नुसते मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसा साका होत नाही. ही खूण म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नव्हे, पण संशय आला तर नमुना काढायला आम्हाला बोलवायला पुरेशी आहे.

बरे, गोणी घरात आलीच आहे आणि खालच्या पानावर खूणही दिसते. मग काय करायचे? सगळ्या शेतावर टाकू नका. लिटरला ५ ते १० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ते १५० ग्रॅम, असे पाणी करून फक्त चार सऱ्या संध्याकाळी फवारा. शेजारच्या चार सऱ्या तशाच ठेवा, दोन्हीकडे काठी रोवून खूण करा. दहा-पंधरा दिवसांनी दोन्हींकडे बघा. जी पाने करपून गेली ती परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्यावरची पाने बघायची. फरक दिसला तर बाकीच्या शेताला खर्च करा. नाही दिसला तर पैसे वाचले. यात एक मेख आहे तीही सांगतो. कधी झाड सुधारते ते मॅग्नेशियमने नव्हे, त्यातल्या गंधकाने. पत्रिकेत गंधक कमी दाखवले असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात अकरा टक्के गंधक, वर स्फुरद आणि कॅल्शियमही येते.

ठिबकवाल्यांनी हे मीठ कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत एकत्र कालवू नये, जिप्समचा साका होऊन नळ्या बसतात. फॉस्फेटच्या विद्राव्य खताबरोबरही तेच. आणि वरकस जमीन खरोखर आंबट असेल तर एप्समने आंबटपणा जात नाही. त्याला डोलोमाईटची भुकटी लागते, तीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असते, काम सावकाश होते पण टिकते. चुलीच्या राखेतही मॅग्नेशियम असते. आपल्या आज्या परसातल्या अळवाला, वेलांना राख टाकायच्या, त्यांना कोणी नाव सांगितले नव्हते एवढेच. मात्र राख अल्कधर्मी, ती खारजमिनीत आणि युरियाबरोबर नको.

आता वहिनींचे टोमॅटो. फळ बुडाशी काळे पडून कुजते ते फळाला कॅल्शियम पोहोचत नाही म्हणून. एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी पाण्याचा पूर, असे झाले की हे होतेच. त्यात मॅग्नेशियम ओतत राहिले की ते मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करते आणि दुखणे वाढते. त्यांना मीठ बंद करायला आणि रोज थोडे पाणी द्यायला सांगितले.

पण कुंडीचा विषय शहरवाल्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूरच्या गॅलऱ्यांतल्या कुंड्यांत जी माती आहे ती आपल्याच तालुक्यांतून गेलेली आहे. लाल माती, शेणखत, गांडूळखत, मोगऱ्याची-जास्वंदीची कलमे, यावर आपल्या रोपवाटिका आणि महिला बचत गट चार पैसे मिळवतात. गिऱ्हाईक झाड घेताना विचारते, "एप्सम सॉल्ट घालू का?" आणि आपण गिऱ्हाईक दुखवायला नको म्हणून "घाला की" म्हणतो. तसे करू नका. कुंडीत खरोखर याची गरज पडते ती दोन ठिकाणी. एक, नुसत्या नारळाच्या भुशावर, म्हणजे कोकोपीटवर वाढवलेले झाड. भुशात पालाश भरपूर असते आणि ते मॅग्नेशियमला मागे सारते. दोन, वर्षानुवर्षे तीच माती, रोज पाणी, खत नाही, सगळे धुऊन गेलेले. तिथे खालच्या पानावर खूण दिसली तर लिटरभर पाण्यात सपाट छोटा चमचा, महिन्यातून एकदा, दोन-तीन वेळा. कुंडीत निम्मे शेणखत असेल तर बहुधा काहीच नको. हे खरे सांगितले तर तुमचे एप्समचे पाकीट खपणार नाही, पण गांडूळखताची पिशवी खपेल, आणि ती तुमच्याच गावची आहे. शहरात छोट्या पाकिटातल्या या मिठाचा किलोचा भाव गोणीच्या भावाच्या कितीतरी पट असतो. त्यातला एक पैसाही मुरबाड-शहापूरला येत नाही.

नाशिकची द्राक्षवाली मंडळी पानाचे देठ तपासून घेतात आणि त्यात मॅग्नेशियमचा आकडा येतो. मग किती फवारायचे ते ठरते. तिथे बागेवर खर्च मोठा म्हणून तपासणी परवडते असे म्हणतात. मला हे उलटे वाटते. ज्याची भेंडी अर्ध्या एकराची आहे त्याला चुकीची एक गोणी जास्त जड जाते. त्यालाच तपासणी आधी मिळाली पाहिजे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. कोकणासाठी मृदा पत्रिकेत तेरावी आणि चौदावी ओळ घालावी, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची. जिथे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो तिथे काय धुऊन गेले ते मोजायचे नाही, हे काही पटत नाही. आंबट जमिनीचा प्रश्न एकट्या ठाण्याचा नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गलाही तो आहे आणि दापोलीचे आपले कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीवर काम करते. ते होईपर्यंत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो) यांनी एवढे करावे. ग्रामसभेत ठराव घेऊन गावातले तीन नमुने, एक वरकसचा, एक खाचराचा, एक भाजीच्या मळ्याचा, मॅग्नेशियमच्या तपासणीसाठी म्हणून वेगळे पाठवावेत आणि तसे अर्जात स्पष्ट लिहावे. न लिहिले तर नेहमीच्या बारा गोष्टी तपासून येतील. आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, म्हणजे दुकानात जाताना प्रत्येकाला तो माहीत असेल.

धसईच्या काकांनी रोगट झाडे उपटून जाळली, पिवळे चिकट सापळे लावले आणि उरलेल्या भेंडीवर चार तोडे काढले. गोणीत अजून निम्मे मीठ आहे. ते यंदा चार सऱ्यांवर करून बघणार आहेत, आणि पहिला नमुना त्यांच्याच शेतातून द्यायचे ठरले आहे. नमुना भात कापल्यावर, खत टाकण्याआधी घ्यायचा. बांधाजवळचा, झाडाखालचा, खताच्या ढिगाजवळचा नको. शेतात सात-आठ ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा करून कडेची माती काढावी, सगळी एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खताची रिकामी गोणी त्यासाठी वापरू नये.